नापास चित्र

कलामंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहायला चिटणीस जुनं कपाट उपसत होते. कारकूनबाई म्हणाल्या, “काका, नापास चित्रांची पाकिटं अजून बंदच?” नियमच होता तसा: नाव चित्रामागच्या पाकिटात, शिष्यवृत्ती मिळाली तरच फोडायचं. “आता फोडा की, कोण फाशी देतंय?” त्यांनी एक फोडलं. आत महिन्यापूर्वी वारलेल्या बायकोचं नाव. चित्रात दोन भिंतींमध्ये पाण्याची टाकी हवेत तरंगत होती. खाली परीक्षक म्हणून त्यांचाच तरुणपणीचा शेरा: ‘असं कुठे दिसतं? हात कच्चा, डोळा त्याहून.’ घरी जेवताना त्यांनी तो ऐटीत ऐकवला होता. “आणखी वाढू?” ती एवढंच म्हणाली होती. तडक घरी येऊन ते स्वयंपाकघरात शिरले. सून दचकली, “बाबा, पाणी हवंय? हाक मारायची!” ते आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापाशी उभे राहिले. खिडकीबाहेर दोन भिंतींमध्ये टाकी हवेत तरंगत होती.