हवालदारीण

"श्वास घ्यायला शिकवतेस होय?" हवालदारीण म्हणाली. "आमच्या वेळी तो जन्मतःच यायचा."

सून खाटेवर आडवी झाली होती. फिजिओथेरपिस्ट मुलगी हसली आणि सुनेच्या ओटीपोटावर हात ठेवून म्हणाली, "पोट सैल सोडा. अजून. धरून ठेवू नका."

हवालदारीण हे नाव शिवणकारखान्यातल्या बायकांनी ठेवलेलं. सत्तावीस वर्षं ती मशिनींच्या रांगांमधून देखरेख करत फिरली. कुणी कंबर धरून उठली, कुणी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, की ही समोर हजर. दुखतंय? कुणाला दुखत नाही? एकीने बसायला मऊ उशी आणली, तर हिने ती सगळ्यांदेखत उचलून कपाटावर फेकली होती. आता निवृत्तीनंतर हाताखाली एकच बाई उरली होती, सून.

सुनेचं बाळंतपण होऊन सात महिने झाले होते. ओटीपोटात कळ येते, खाली आग होते, बसवत नाही, असं तिचं रोजचं रडगाणं. तीन डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. निघणार काय? हवालदारणीच्या मते दुखणं डोक्यात होतं आणि तिला नवऱ्याने डोक्यावर चढवून ठेवलं होतं. आज तो बाळाला घेऊन घरी थांबला, म्हणून ही सोबत आली. सोबत कसली, चोरी पकडायला आली होती.

"आई, बसा ना," थेरपिस्टने तिसऱ्यांदा खुर्ची पुढे केली.

"मला सवय नाही बसायची. मी हिच्या नवऱ्याच्या वेळेला दोन महिन्यांत कामावर हजर झाले. मशीन सोडलं आणि पॅकिंगचं टेबल मागून घेतलं, दिवसभर उभ्याचं काम. मालक म्हणाले, अशी बाई पाहिली नाही." तिने सुनेकडे पाहिलं. "आणि ही महाराणी दूधसुद्धा बसून पाजत नाही, येरझारा घालते."

सुनेने डोळे मिटून घेतले. "आई, नाटक करायचं असतं, तर मी झोपून राहिले असते हो."

थेरपिस्टने टेबलावरचा कटिभागाच्या हाडांचा सांगाडा उचलला. तो प्लॅस्टिकचा होता आणि त्यातून एक पिवळी दोरी ओवलेली होती.

"भातुकली," हवालदारीण पुटपुटली.

"ही नस," थेरपिस्ट म्हणाली. "अडलेल्या बाळंतपणात हिला ताण बसतो. मग आजूबाजूचे स्नायू आकसतात आणि तिला आवळतात. बसलं की आग होते, काचेवर बसल्यासारखं वाटतं. उभं राहिलं की जरा हायसं वाटतं. तपासणीच्या चित्रात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, म्हणून लोकांना ते खोटं वाटतं. बाई बिचारी कुणाला सांगत नाही. दातओठ खाऊन काम करते आणि स्नायू आणखीच आवळतात. म्हणून आधी सैल सोडायला शिकवायचं. वेळ लागतो, पण बऱ्याच जणींना फरक पडतो."

  हवालदारीण त्या पिवळ्या दोरीकडे बघत होती.

सून सावकाश उठली, चपला घातल्या. एरवी उठताना तिचा चेहरा वाकडा व्हायचा. आज कमी वाकडा झाला. हवालदारणीने तेही पाहिलं.

"तू हो पुढे," ती सुनेला म्हणाली. "रिक्षा बघ. आणि सावकाश जा."

सासूच्या तोंडून 'सावकाश' हा शब्द सुनेने पहिल्यांदाच ऐकला. ती चमकून वळली, पण सासू पाठमोरी होती. सून बाहेर गेली.

हवालदारणीने दार आतून लावलं. कडी नीट बसली की नाही, हेही पाहिलं.

"हे बघ, तुझ्या थापांवर माझा काडीचा विश्वास नाही," ती दरडावून म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"पण एकतीस वर्षं झाली असली, तर सुटते का गं ती नस?"