पदरावरचे मोर

"अगं, पदर कुठं गेला?"

सासूबाईंनी काळी साडी पलंगभर पसरली. एका टोकाला साधा ब्लाउजपीस जसाच्या तसा होता. दुसऱ्या टोकाचे जरीचे मोर वृषालीच्या हातात होते, ब्लाउज होऊन.

साडीच्या टोकाचा ब्लाउजपीस कापून घ्यायचा, एवढंच शिवणक्लासच्या बाईंनी सांगितलं होतं. कायम ड्रेस घालणाऱ्या वृषालीला मोरांचंच टोक ब्लाउजचं वाटलं. शिवाय "शिंपी कशाला, मीच शिवते," असं तिनं अख्ख्या सोसायटीला ऐकवून ठेवलेलं. साडी सासूबाईंनी तिच्या पहिल्या संक्रांतीसाठी हौसेनं आणली होती.

त्या रागावल्या नाहीत. हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांनी वृषालीला स्वतःची ठेवणीतली काळी रेशमी साडी नेसवली. "एवढा शिवलायस ना? मग घाल," म्हणत मोरांचा ब्लाउजही घालायला लावला. पदर नसलेली साडी त्या स्वतः नेसल्या.

"घरी शिवलास? काय सुरेख गं!" बायका वृषालीला वळवून वळवून पाठीवरचे मोर पाहत होत्या. तेवढ्यात शेजारच्या काकूंनी सासूबाईंकडे नजर टाकली. "सुनेला नटवलंत, आणि स्वतः सणाला असली बिनपदराची नेसलात?"

"जुनी आहे हो माझी," सासूबाई हसून म्हणाल्या. "पदर विरला होता, मीच कापून टाकला."

वृषाली खाली मान घालून तिळगूळ देत राहिली.

"नवीन आहे ना, बुजलीय अजून," काकू कौतुकानं म्हणाल्या.