राखण

रानडुकरं भातात घुसू नयेत म्हणून बाबांनी बांधावर भोंगा लावला होता. त्यात दर थोड्या वेळाने त्यांचाच आवाज वाजायचा. ‘हाऽऽड! हाऽऽड!’ आणि रेकॉर्डिंगचं बटण बंद करायचं राहून गेल्यामुळे शेवटी, ‘आमे, पाणी आण गो.’

आषाढात बाबा गेले. भात घरात आलं की शेत सोडायचं आणि आईला घेऊन रत्नागिरीला नोकरीवर परतायचं, हा आम्रपालीचाच हट्ट होता. आज कणगी भरली. आई पिशवी घेऊन पायरीवर बसली. एवढ्यात शेजारचे धोंडूकाका शिडी घेऊन आले.

“भोंगा काढतो गो. आता काय, डुकरं ढेकळं खायला येणार?”

आम्रपाली हसली आणि त्यांच्यासोबत अंगणालगतच्या बांधापर्यंत गेली. काकांनी वायरला हात घातला.

“राहू द्या, काका,” ती एकदम म्हणाली. “मी कुळीथ पेरणार आहे.”

“कोण, तू?” आई पायरीवरून ओरडली. “आणि नोकरी? शेत सोड, शेत सोड म्हणून महिनाभर माझं डोकं कोणी खाल्लं?”

तेवढ्यात भोंग्यातून बाबांनी पाणी मागितलं.

 

आम्रपाली तांब्या भरायला घरात गेली.