सातवा तंबू

"भाव पाडता काय, वहिनी?" असं ओरडत माझ्या धाकट्या दिराने कोयता चालवला आणि आमच्या जागेतला पहिला तंबू उभा फाडला.

धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्याने देणाऱ्या आम्हा सगळ्यांचं ठरलं होतं, माणशी हजाराच्या खाली कुणी जायचं नाही. त्या हट्टापायी सगळ्यांच्याच जागा ओस पडल्या. मी सातशे केले, तर या शनिवारी संध्याकाळी येणाऱ्यांना मला तंबू पुरेनात.

आमचे मालक, त्याचे सख्खे थोरले भाऊ, अडवायला गेले आणि कोयत्याची मूठ त्यांच्या कपाळावर बसली. जखम दाबत ते पेटत्या चुलीजवळ कोसळले. माझं डोकंच फिरलं. फाडू दे मेल्याला, म्हटलं, आणि हाताची घडी घालून उभी राहिले. सगळ्यांचे तंबू केशरीच, दिसायला सारखे. त्याने पुढच्या रांगेतल्या सहांच्या चिंध्या केल्या. सातवा लाथेने उलटा पाडला आणि उगारलेला कोयता तसाच राहिला. तंबूच्या तळाला हिरव्या साडीचं ठिगळ होतं, त्याच्याच बायकोने लावलेलं.

"हा माझा?"

"सातही तुमचेच, भाऊजी. तुमच्याकडे नुसते पडून होते, म्हणून तुमच्या बायकोनेच मला भाड्याने दिले. घरात पीठ नव्हतं तिच्या."

मला वाटलं, आता हा डोकं धरून खाली बसेल. तो कोयता घेऊन आपल्या घराकडे वळला.

मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि त्याच्या मागे धावले.