मूळ कात्रण

मी साहेबांचा पीए. कुणावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत जुनी कात्रणं सांभाळणाऱ्या काकांनी झेरॉक्स पुढे केली, तेव्हाच मला संशय आला.

"मूळ कागद द्या. झेरॉक्समध्ये काय वाट्टेल ते करता येतं."

"झेरॉक्सच न्या हो. तुमच्याच सोयीचं आहे."

माझ्या सोयीची एवढी काळजी? मी मूळ कात्रणच घेतलं. तारीख पाहिली, मथळा पाहिला, शब्दन्‌शब्द तपासला. 'कारखाना झालाच पाहिजे: अण्णा.' आणि आज हेच अण्णा कारखान्याविरुद्ध मोर्चे काढतात!

पत्रकार परिषदेत साहेबांनी कात्रण कॅमेऱ्यांसमोर उंच धरलं. "वाचा! पाच वर्षांत माणूस कसा पलटतो बघा. आमचं तसं नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून कारखान्याच्या..."

बोलता बोलता साहेब अडखळले. कात्रणाची मागची बाजू त्यांच्याकडे होती. तिच्यावर त्यांचाच फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत, 'कारखान्याची एक वीटही रचू देणार नाही.'

त्यांनी शांतपणे कात्रण घडी करून खिशात ठेवलं आणि ते माझ्या कानाशी झुकले.

"तो कात्रणवाला अण्णांनी फोडलेला दिसतोय. चौकशी लाव."