आरशाची टिकली

नव्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बायकोनं आरशावर टिकली चिकटवली, नेमकी त्यातल्या बारीकशा डोळ्यावर. मागून झगझगाट आला की तो डोळा आरसा आपोआप काळा करतो, हे शोरूमवाला सांगत होता तेव्हा दोघं नारळ कोण फोडणार यावरून भांडत होते.

रात्री घाटात मागच्या ट्रकचे दिवे आरशातून थेट नवऱ्याच्या डोळ्यांत घुसले.

“अहो, वळण!”

“दिसतंय कुणाला?” त्यानं आरशावर हात मारला. टिकली पडली, आरसा काळवंडला, रस्ता दिसला. गाडी कठड्याला घासून थांबली. ट्रक पुढे निघून गेला.

“बघितलंत? टिकलीनं संकट स्वतःवर घेतलं!”

त्यानं हात जोडले. तिनं कपाळावरची टिकली काढून आरशाच्या त्याच डोळ्यावर दाबून बसवली.

“आता निर्धास्त चालवा.”

मागच्या वळणावर दुसऱ्या ट्रकचे दिवे उजळले.