कमी तिखट

लहान मुलांनाही झेपेल अशी शेंगा चटणी विकायची, हे अक्षतानं मनावर घेतलं होतं. नमुना न्यायला पुण्याचा दुकानदार आज संध्याकाळी सोलापुरात येणार होता, आणि घरातली परीक्षक, चार वर्षांची महेश्वरी, प्रत्येक घाण्याला नाक मुरडत होती. अक्षता उखळापासून उठायची, लेकीला मांडीवर घेऊन कडक भाकरीच्या तुकड्यावर चटणी भरवायची आणि श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत राहायची.

"अजून तिखट हाय, मम्मी."

पुन्हा उखळ, पुन्हा मिरची कमी. शेवटी सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, चिमूटभर तोंडात टाकली. "अगं, ही चटणी हाय की शेंगांचा लाडू? दुकानदार हसंल की!"

अक्षतानं महेश्वरीला समोर उभं केलं. "खरं सांग, तिखट लागतंय?"

महेश्वरीनं मान हलवली. "न्हाय. पहिलीच लई भारी होती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"



"आवडली म्हणलं, की तू मला खाली ठेवून पाकिटं भरायला बसतीस."